वाचकांचे प्रश्न : डॉक्टर अधिष्ठाता होतो तेव्हा

गेल्या अंकात या सदरात वैद्यकीय प्रवेश आणि शुल्क यांविषयीच्या पत्रांना उत्तरे दिली होती. त्यानंतरच्या टपालात एक वेगळाच विषय पुन्हा पुन्हा आला : रुग्ण तपासणारा डॉक्टर वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रमुख कसा होतो, आणि झाल्यावर त्याच्यातल्या डॉक्टरचे काय होते. मी पुण्यात अनेक वर्षे औषधवैद्यकशास्त्र (जनरल मेडिसिन) शिकवले आणि पुढे अधिष्ठातापदही, म्हणजे डीनचे पदही सांभाळले, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी पुण्यातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयात औषधवैद्यकशास्त्राची प्राध्यापक आहे. सकाळी ओपीडी आणि वॉर्डातला राउंड, दुपारी अध्यापन आणि संध्याकाळी सिंहगड रस्त्यावर स्वतःचे क्लिनिक असा माझा दिवस असतो. व्यवस्थापनाने मला उपअधिष्ठातापद स्वीकाराल का, असे विचारले आहे. विद्यमान अधिष्ठाते लवकरच निवृत्त होणार असल्याने पुढचा विचारही त्यामागे आहे. घरचे म्हणतात, मानाचे पद आहे, घ्यावे. माझे सर मात्र म्हणाले, "अगं, एकदा त्या खुर्चीत बसलीस की स्टेथोस्कोप खुंटीला टांगलास म्हणून समज." मला रुग्ण सोडवणार नाहीत. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या सरांचे बोल अनुभवाचे आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही ठरतात, पण ते अटळ आहे असे मी मानत नाही. पद नाकारा, असे मी सुचवणार नाही. मात्र ही पुढची बढती आहे, अशा समजुतीने ते घेऊ नका. सहाय्यक प्राध्यापकाचा सहयोगी प्राध्यापक होतो आणि सहयोगीचा प्राध्यापक, तेव्हा काम तेच राहते, फक्त जबाबदारी वाढते. अधिष्ठातापदावर कामच बदलते. वॉर्डात तुम्ही समोरच्या एका माणसाला उत्तरदायी असता आणि त्याचा ताप उतरला की नाही हे दोन दिवसांत कळते. अधिष्ठाता म्हणून घेतलेल्या निर्णयाचे बरेवाईट फळ दोन-तीन वर्षांनी दिसते, आणि ते ज्यांच्या पदरात पडते त्यांतल्या बहुतेकांना तुम्ही कधी पाहिलेलेही नसते.

एक सकाळ सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. रात्री अपघात विभागात एक रुग्ण दगावला होता, नातेवाइकांनी ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरला मारहाण केली होती आणि नऊ वाजता माझ्या दालनाबाहेर मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे प्रतिनिधी काम बंद करण्याचे निवेदन घेऊन उभे होते. टेबलावर औषधखरेदीची एक फाईल होती जिची मुदत त्याच दिवशी संपत होती, आणि अकराला विद्यापीठाची प्रात्यक्षिक परीक्षा सुरू व्हायची होती. मी प्रतिनिधींना बरोबर घेऊन आधी अपघात विभागात गेलो. फुटलेल्या दाराच्या काचा झाडून कोपऱ्यात लावल्या होत्या. मार खाल्लेल्या मुलाच्या अॅप्रनची वरची दोन बटणे तुटली होती, आणि तशाच अवस्थेत तो पुढच्या रुग्णाचा केसपेपर लिहीत होता. मी त्याला आडोशाला नेऊन तपासले : डोळ्यांच्या बाहुल्या, मान, कानामागची सूज. कोणीही त्याला तोवर तपासले नव्हते. मग सुरक्षारक्षकांची नोंदवही मागवली. तिच्यात मध्यरात्रीनंतरची पाने कोरी होती, कारण दोघांच्या जागी एकच रक्षक होता आणि तो मुख्य फाटकावर होता. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे आणि असा हल्ला हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्या कायद्याखालची तक्रार त्या मुलाला एकट्याने करायला न लावता संस्थेने केली. निवेदनावरची चर्चा त्यानंतर झाली, आणि ती घोषणांवरून रक्षकांच्या पाळ्यांवर आली, कारण सर्वांनी तीच नोंदवही पाहिली होती.

या प्रसंगात जे उपयोगी पडले ते सगळे वॉर्डातले होते. आधी जीवाला धोका आहे का ते पाहणे, ऐकीव माहितीवर न विसंबता स्वतः तपासणे आणि निदान होण्याआधी उपचार न लिहिणे, हे चांगल्या फिजिशियनच्या अंगात मुरलेले असते आणि प्रशासनात त्याचे मोल फार आहे. पण वॉर्डातल्या काही सवयी मात्र सोडाव्या लागतात. आपल्याकडे युनिटप्रमुखाचा शब्द शेवटचा असतो. तो राउंडवर जे सांगतो ते संध्याकाळपर्यंत झालेले असते. अधिष्ठात्याचे तसे नसते. कालपर्यंत जे तुमचे सहकारी होते, त्यांतले काही सेवेने ज्येष्ठही असतात. ते तुमचे ऐकतात ते पदामुळे नव्हे, तर पटले म्हणून, आणि पटवायला वेळ लागतो. खरेदी समितीतून, लेखाशाखेतून आणि निविदेतून जाते. ज्या डॉक्टरांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो ते दोन टोकांपैकी एका टोकाला जातात : एक तर नियम वाकवतात, नाहीतर कारकुनाने पुढे सरकवलेल्या प्रत्येक कागदावर डोळे मिटून सही करतात. दोन्हींचा शेवट लेखापरीक्षणाच्या आक्षेपात होतो. म्हणून माझा आग्रह असा, की पद घेण्यापूर्वीच लेखाधिकाऱ्यांशेजारी बसून अंदाजपत्रक शीर्षानुसार वाचायला शिका, सेवानियम वाचा, विभागीय चौकशी कशी चालते ते समजून घ्या. हे कोणत्याही एम. डी. च्या अभ्यासक्रमात नाही, आणि ते कोणी आपणहून शिकवतही नाही.

आता रुग्णांविषयी. संध्याकाळचे क्लिनिक तुम्हाला सोडावे लागेल, हे मी स्पष्टच सांगतो. वेळ मिळत नाही हे त्याचे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे, की ज्या रुग्णालयाचा कारभार तुमच्या हाती आहे तिथले रुग्ण आणि तुमचे खासगी रुग्ण यांची सरमिसळ होते अशी कुजबुज एकदा सुरू झाली, की तुम्ही कितीही सरळ असलात तरी शिस्तीविषयी बोलण्याचा अधिकार गमावता. पण आठवड्यातून एक ओपीडी आणि एक बेडसाइड क्लिनिक, म्हणजे रुग्णाच्या खाटेशेजारी घेतलेला विद्यार्थ्यांचा वर्ग, सोडू नका. ते नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या आणि आपल्या युनिटमध्ये एक सक्षम सहयोगी प्राध्यापक मागून घ्या, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत रुग्णांचे हाल होणार नाहीत. ही ओपीडी मी मनाच्या समाधानासाठी सुचवत नाही. अहवालात औषधांचा साठा पुरेसा असतो आणि ओपीडीत रुग्ण बाहेरच्या दुकानाची चिठ्ठी घेऊन परत येतो. ही तफावत अधिष्ठात्याला दालनात बसून दिसत नाही.

बेडसाइड क्लिनिकचेही तसेच आहे. वाढलेली प्लीहा (पानथरी) हाताला कशी लागते हे दाखवताना विद्यार्थ्याचा हात रुग्णाच्या पोटावर उजवीकडे खालून ठेवून, प्रत्येक खोल श्वासाबरोबर डाव्या बरगडीकडे सरकवत न्यावा लागतो. घाईतला मुलगा हात थेट बरगडीखाली नेतो आणि फार वाढलेली प्लीहा त्याच्या हातून निसटते, कारण त्याचा हात तिच्या कडेच्या पलीकडे तिच्यावरच पडलेला असतो. तो हात आधी चोळून गरम करतो का, रुग्णाचे नाव विचारतो का, अंगावरची चादर पुन्हा नीट ओढतो का, हे त्या दोन मिनिटांत दिसते. २०१९ पासून एम. बी. बी. एस. ला क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला आणि वर्तन, नीती व संवाद यांचे स्वतंत्र घटक त्यात समाविष्ट झाले. हा बदल मला मनापासून योग्य वाटतो. पण तो वर्गात खरोखर उतरला की केवळ नोंदवहीत, हे कळायला अधिष्ठात्याने खाटेशेजारी उभे राहायला हवे. हजेरीच्या यंत्राला ते कळत नाही.

तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही कंसात लिहिले आहे, की तुमच्या महाविद्यालयात आजवर या पदावर स्त्री आलेली नाही. त्याचे दडपण घेऊ नका. आपल्या राज्यात ही वाट आधीच रुळलेली आहे. बालशल्यविशारद डॉ. स्नेहलता देशमुख मुंबईच्या शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता होत्या आणि १९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू. पुण्याच्या एएफएमसीचे, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे नेतृत्व २००४ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ पुनिता अरोरा यांच्याकडे आले. भारतीय सैन्यदलांत लेफ्टनंट जनरल पदावर पोहोचलेल्या त्या पहिल्या महिला. त्याच एएफएमसीत शिकलेल्या आणि पुढे तिथे अधिष्ठाता झालेल्या डॉ. माधुरी कानिटकर या मुलांच्या मूत्रपिंडविकारांच्या तज्ज्ञ. २०२१ मध्ये त्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

मला यांच्याइतकेच महत्त्वाचे वाटते ते डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांचे उदाहरण. नवजात बालकांच्या तज्ज्ञ असलेल्या डॉ. फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली, आणि ती आशियातली पहिली मानली जाते. त्याच पुढे त्या रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. दूध जमवायचे, तपासायचे, पाश्चरीकरण करायचे, साठवायचे आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वेळेवर पोहोचवायचे, यासाठी परिचारिका, प्रयोगशाळा, भांडार आणि बाळंतिणी या सगळ्यांना एका कामात आणावे लागते. ज्याला किंवा जिला हे आपल्या विभागात साधते, ती व्यक्ती संस्था चालवण्याची तयारी तिथेच करत असते. तुमच्या विभागात तुम्ही असे काही उभे केले आहे का, हे स्वतःला विचारा. उत्तर "हो" असेल तर पद घ्या. "अजून नाही" असेल तर उपअधिष्ठातापदाची पहिली दोन वर्षे त्यासाठीच वापरा.

प्रश्न : आमचा मुलगा एम. बी. बी. एस. च्या दुसऱ्या वर्षाला आहे. "मला डीन व्हायचे आहे" असे तो आतापासून म्हणतो. त्यासाठी कोणती पदवी घ्यावी? रुग्णालय व्यवस्थापनात एम. बी. ए. केल्यास चालेल का? (हडपसर)

उत्तर : एम. बी. ए. ने ज्ञानात भर पडेल, पण ती वाट अधिष्ठातापदाकडे जात नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या आणि त्याआधीच्या वैद्यक परिषदेच्या नियमांत चालत आलेली अट अशी : मान्यताप्राप्त पदव्युत्तर वैद्यकीय पदवी, आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक म्हणून मिळून किमान दहा वर्षे अध्यापन, त्यांतली किमान पाच प्राध्यापक म्हणून. आता हिशेब करा. एम. बी. बी. एस. आणि आंतरवासिता मिळून साडेपाच वर्षे, एम. डी. किंवा एम. एस. ची तीन, वरिष्ठ निवासी म्हणून एक, सहाय्यक प्राध्यापक म्हणून चार, आणि त्यानंतर ती दहा. वाटेत एकही वर्ष वाया गेले नाही तरी चाळिशी ओलांडते, आणि प्रत्यक्षात बहुतेक जण पन्नाशीत तिथे पोहोचतात. दरम्यान शोधनिबंध लागतात, तसेच वैद्यकीय शिक्षणतंत्राचा आणि संशोधनपद्धतीचा मूलभूत अभ्यासक्रमही करावा लागतो. शासकीय महाविद्यालयांतल्या अशा पदांची निवड महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत होते. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत व्यवस्थापन निवड करते.

मुलाला मात्र आज यातले काहीही सांगू नका. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विकृतिशास्त्र आणि औषधशास्त्र मन लावून वाचावे आणि कनिष्ठ विद्यार्थ्यांना शिकवून पाहावे. शिकवण्यात त्याला आनंद वाटला तर पुढचे सगळे जमेल. अध्यापनाची गोडी नसलेला माणूस केवळ वर्षे मोजत त्या पदावर आला, की त्याचा त्रास संस्थेला वर्षानुवर्षे होतो. असे मी पाहिले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मला प्रामाणिकपणे असे वाटते, की कोट्यवधींचा कारभार, शेकडो कर्मचारी आणि बांधकामे हे डॉक्टरांचे कामच नाही. तिथे प्रशासकीय सेवेतला अधिकारी किंवा व्यावसायिक व्यवस्थापक नेमावा आणि डॉक्टरांनी रुग्ण पाहावेत. आपले मत काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी त्यातला अर्धा भाग पूर्ण मान्य करतो. उद्वाहन बंद पडले, सांडपाण्याची वाहिनी तुंबली, बांधकामाचे देयक अडले, अशा गोष्टींमागे अधिष्ठात्याने दिवस घालवणे हा त्याच्या शिक्षणाचा अपव्यय आहे. ससूनसारख्या रुग्णालयात, जिथे हजाराहून अधिक खाटा आहेत आणि जिल्ह्याबाहेरूनही रुग्ण येतात, तिथे सक्षम प्रशासकीय अधिकारी, अभियंता आणि लेखाधिकारी यांना स्वतःचे अधिकार हवेत.

परंतु सर्वांत वरची जागा डॉक्टर-अध्यापकाकडेच असावी, या मताशी मी ठाम आहे. खाटा कमी आहेत आणि रुग्ण जास्त आहेत अशा दिवशी अतिदक्षता विभागातून कोणाला बाहेर हलवायचे, निवासी डॉक्टरची सलग ड्यूटी किती तासांनंतर रुग्णाला घातक ठरते, शवविच्छेदनासाठी देह पुरेसे नसताना पहिल्या वर्षाला शरीररचना कशी शिकवायची, या प्रश्नांवर निर्णय घेणाऱ्याला ते काम हाताखालून गेलेले असावे लागते. संशोधक अमांडा गुडॉल यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या अग्रगण्य रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात डॉक्टर प्रमुख असलेल्या रुग्णालयांचे गुणवत्तेचे गुणांकन इतरांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक आढळले. डॉक्टर प्रमुख झाल्यामुळे गुणवत्ता वाढली, की मुळात चांगली रुग्णालये डॉक्टरांना प्रमुख नेमतात, हे त्या पाहणीवरून ठरत नाही, आणि तिथली व्यवस्था आपल्यापेक्षा फार वेगळी आहे. तरीही "डॉक्टरला कारभार जमत नाही" हे सरसकट विधान तिच्यापुढे टिकत नाही.

आपल्या राज्यात मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पद रिक्त ठेवून कोणा प्राध्यापकाकडे अतिरिक्त कार्यभार देण्याची पद्धत पडली आहे. प्रभारी माणूस आपला विभाग सांभाळून, उद्या आदेश येईल या जाणिवेत काम करतो. तो कोणताही लांबचा निर्णय घेत नाही, आणि त्यासाठी त्याला दोषही देता येत नाही. डॉक्टर की अधिकारी, या वादाआधी पूर्णवेळ आणि निश्चित मुदतीची नेमणूक मागायला हवी.

प्रश्न : पुण्याच्या इतिहासात असा कोणी डॉक्टर झाला का, ज्याने संस्था घडवली? शाळेतल्या प्रकल्पासाठी नातीला माहिती हवी आहे. (औंध)

उत्तर : अवश्य. नातीला डॉ. बी. बी. दीक्षित यांच्याविषयी लिहायला सांगा. आजचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा म्हणून सुरू झाले, आणि तिथे पदवीऐवजी परवाना मिळवून देणारे शिक्षण मिळत असे. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये आपला प्रसिद्ध अहवाल दिला. देशात डॉक्टरांची एकच मूलभूत पदवी असावी, असे तिचे म्हणणे होते. त्याच वर्षी पुण्याच्या शाळेचे महाविद्यालय झाले आणि डॉ. दीक्षित त्याचे पहिले प्राचार्य झाले. ते मूळचे शरीरक्रियाशास्त्राचे आणि औषधशास्त्राचे संशोधक. मेंदूतल्या निद्राकेंद्रावर अॅसिटिलकोलिन या द्रव्याचा काय परिणाम होतो, हा त्यांचा शोधनिबंध १९३४ मध्ये इंग्लंडच्या "जर्नल ऑफ फिजिऑलॉजी"मध्ये छापून आला होता. पुढे १९५६ मध्ये दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून त्यांचीच निवड झाली. पुण्यात शाळेचे महाविद्यालय करण्याचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाकडे दिल्लीची कोरी पाटी सोपवली गेली, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मुंबईचे उदाहरण हवे असेल तर डॉ. जीवराज मेहता यांचे द्या. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीदारांनी अध्यापक भारतीयच असावेत अशी अट घातली होती, आणि त्या महाविद्यालयाचे व केईएम रुग्णालयाचे पहिले अधिष्ठाता डॉ. मेहता झाले. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. पण प्रकल्पात त्याआधीच्या वर्षांना जास्त जागा द्यावी.

प्रश्न : मी शरीररचनाशास्त्रात एम. डी. करत आहे. रुग्ण न पाहणाऱ्या शाखेतला प्राध्यापक अधिष्ठाता होऊ शकतो का? (पिंपरी)

उत्तर : होऊ शकतो. वर सांगितलेल्या अटींत शाखेचा भेद नाही, आणि डॉ. दीक्षित यांचे उदाहरण आपल्यासमोर आहे. तुमच्यासारख्यांना नियमांची आणि शिकवण्याची जाण बहुधा चांगली असते. उणीव राहते ती रुग्णालयाच्या रात्रीच्या जीवनाची. ती भरून काढण्यासाठी रुग्णालयाच्या समित्यांवर, विशेषतः मृत्यू-पुनरावलोकन आणि संसर्ग-नियंत्रण समितीवर, सहाय्यक प्राध्यापक झाल्यापासूनच काम मागून घ्या. पात्रतेचे नियम वेळोवेळी सुधारले जातात, तेव्हा अर्ज करताना त्या वर्षीची जाहिरात आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची अधिसूचना दोन्ही वाचा.